तंतोतंत

उत्तरेच्या खिडकीत धरलेले कापडाचे दोन तुकडे तंतोतंत जुळले, आणि मास्तरला आनंद व्हायच्या आधी शंका आली. रंगाईच्या कारखान्यात त्याचं सगळं आयुष्य ह्याच कामात गेलं होतं. गिऱ्हाइकाने दिलेला नमुना डावीकडे, टाकीतून निघून वाळलेलं कापड उजवीकडे, दोन्हींच्या कडा एकमेकींना भिडवायच्या आणि बघायचं. बघता बघता दोन रंग जवळ येतात, शहाण्या माणसाने आता पुढे कटकट करू नये इतके जवळ येतात, पण एक होत नाहीत. कुठेतरी एक रेघ राहतेच. ती रेघ किती चालवून घ्यायची हे ठरवण्याचा त्याला पगार होता. आज रेघच नव्हती. हिरव्याकडे किंचित झुकणारा निळा रंग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग पसरला होता. ज्या म्हाताऱ्याच्या हाताखाली तो हे काम शिकला, तो म्हणायचा, दोन रंग पुरते जुळले असं वाटलं की समजावं, डोळा दमला. करड्या भिंतीकडे बघायचं, डोळा बसू द्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. म्हणून तपासणीच्या खोलीची एक भिंत करड्या रंगाने रंगवलेली होती. मास्तर वळला आणि त्या भिंतीकडे बघत उभा राहिला. भिंत जरा जास्तच करडी वाटली, कडेने आत सरकल्यासारखी, मग पुन्हा जागेवर गेली. कपाळामागे ठणका होता, पण तो आताशा असायचाच. तो परत खिडकीकडे आला, तुकडे धरले, आणि पुन्हा तेच दिसलं. उजव्या हाताला आणखी काहीतरी पुसटसं, तिसरा तुकडा असावा तसं तरंगत होतं, ते त्याने डोळा चोळून सोडून दिलं.

कारखान्यातला नियम असा की एकट्याच्या डोळ्यावर काहीही पास करायचं नाही. पहिल्याने बघायचं, तोंडातून अक्षर न काढता तुकडे पालथे घालायचे, मग दुसऱ्याने बघायचं, आणि मगच दोघांनी बोलायचं. दुसरा म्हणजे नन्ना. त्याचं खरं नाव पगार वाटणाऱ्यालाही आठवत नसेल. त्याने कधी एका फटक्यात ‘हो’ म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं, म्हणून तो नन्ना. चहा घेणार का विचारलं तरी आधी मान आडवी हलवून मग पेला पुढे करायचा. त्या दिवशी नन्ना दाढ काढायला गेला होता. थांबायला हवं होतं. पण असा रंग जन्मात एकदा लागतो, आणि उद्या नन्ना येऊन त्यावर ‘नाही’ म्हणणार, ह्या विचाराने मास्तर पोरासारखा हट्टाला पेटला. त्याने एकट्याने पास म्हटलं. संध्याकाळी बसमध्ये बसून तो स्वतःशीच हसत होता, आणि हे कुणाला सांगावं ह्याचा विचार करताना त्याला कुणी आठवेना, एक सोडून. तिला रंगातलं ओ की ठो कळत नव्हतं. हिरव्यापासून जांभळ्यापर्यंत सगळ्याला ती निळा म्हणायची, आणि तो चिडला की म्हणायची, अरे, आकाशाला विचार, तेही एवढं मोजत नाही.

ती म्हणजे त्याची बायको. काडीमोड झाल्यालाही आता काळ लोटला होता, पण मनातल्या मनात दुसरा शब्द त्याला अजून बसवता आला नव्हता. जाताना तिने आपलं म्हणून जे होतं ते सगळं नेलं: पुस्तकं, नकाशे, कारण ती शाळेत भूगोल शिकवायची, खिडकीतली झाडं आणि झाडं ठेवायची फळीसुद्धा. एक गोष्ट मात्र तिला नेता येण्यासारखी नव्हती. ती त्याच्या पोटात, उजवीकडे, हात ठेवला की लागेल इतकी वर होती. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा तिने आपली एक दिली. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं होतं, फार जुळत नाही, पण चालेल, गोळ्या सांभाळून घेतील. मास्तर तेव्हा खाटेवर पडल्यापडल्या म्हणाला होता, “असला नमुना मी पास केला नसता.” ती इतकी हसली की तिच्याकडे बघून डॉक्टरही हसले. त्या हसण्यानंतरचा आपला संसार त्याला नीट आठवत नसे. आठवायच्या त्या गोळ्या. सकाळी आणि संध्याकाळी, घड्याळाचा काटा चुकू न देता. त्या गोळ्या अंगातल्या पहारेकऱ्यांना गुंगीत ठेवत, परकी वस्तू घरात आलीय हे त्यांना कळू देत नसत. पहारेकरी झोपलेले म्हणजे दार उघडं, एवढं त्याला पक्कं समजलं होतं, आणि मग त्याने घराची खरीखुरी दारं बंद करायला सुरुवात केली. खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावली. झाडांच्या मातीत काय काय असतं हे कुठेतरी वाचून झाडं जिन्यात ठेवली. तोंडाला फडकं. पाहुणे नकोत, कुणाचं लग्न नको, कुणाचं आजारपण तर नकोच. तिला सर्दी झाली की ती बाहेरच्या खोलीत झोपायची, आणि पुढेपुढे सर्दी नसतानाही तिथेच झोपू लागली. तो तळहातावरच्या फोडासारखं जपत होता, पण कुणाला, हे एकदा तिने विचारलं तेव्हा त्याला प्रश्नच कळला नाही. तुझीच तर जपतोय, असं तो म्हणाला होता. ती गेली त्या दिवशी रस्त्यावर खोदकाम चाललं होतं, धूळ उडत होती, म्हणून तो खाली उतरला नाही. बंद काचेमागून त्याने तिला टॅक्सीत बसताना पाहिलं. तिने वर बघितलं असेल किंवा नसेलही. काच मळकी होती.

मळक्या काचेचं त्याला भारी वावडं होतं, पण ते कारखान्यात. घरच्या काचेतून त्याला फक्त रस्ता दिसायचा. तपासणीच्या खोलीच्या काचेतून उजेड यायचा, आणि तो उजेड हेच त्याचं हत्यार होतं. दिव्याखाली रंग खोटं बोलतात, उत्तरेच्या आकाशाखाली नाही, हे म्हाताऱ्याचं सांगणं. त्या खिडकीबाहेरच्या कठड्यावर कबुतरं बसायची. त्यांची घाण काचेवर वाळली की खोलीतला उजेड पिवळसर व्हायचा. बाकी कुणाला ते दिसलं नसतं. मास्तरला दिसायचं, आणि मग तो झाडणाऱ्या बाईची वाट न बघता स्वतःच खिडकी उघडून, कठड्यावर वाकून, कोरड्या ब्रशाने ते खरवडून काढायचा. काचेजवळ जाऊन नीट दिसावं म्हणून तोंडावरचं फडकं खाली ओढायचा, कारण श्वासाने चष्मा धुरकटायचा. घरी जो माणूस दूध उकळताना झाकणावरची वाफ अंगावर येऊ देत नव्हता, तो इथे कबुतरांच्या घाणीच्या पांढऱ्या भुकटीत नाक खुपसून उभा असायचा, आणि ह्यात काही विसंगत आहे हे त्याच्या ध्यानीमनी नसे. ते घर होतं, हे काम होतं. कामावर त्याला कधी कशाची भीती वाटली नव्हती.

डोकं बरेच दिवस दुखत होतं. आधी संध्याकाळी, मग सकाळी उठल्यापासूनच, आणि वाकलं की जास्त. वाकून सरळ झालं की क्षणभर सगळं करडं व्हायचं, मग रंग एकेक करून परत यायचे. दुसऱ्या कुणी माणसाने ह्या प्रकाराने घाबरून दवाखाना गाठला असता. मास्तर मात्र जन्मभर रोज कितीतरी वेळा करड्या भिंतीकडे बघत आलेला. डोळा दमला की करडं बघायचं हे त्याच्या हाडीमाशी मुरलेलं. आता डोळा आपणहूनच करडं आणतोय, तर आणू दे, बसेल, असं त्याने ठरवलं. हे म्हणजे दुकानाने स्वतःच दुपारी फळी लावून घ्यावी तसं, आणि त्यातही त्याला थोडंसं कौतुकच वाटलं. खरं सांगायचं तर एवढंच नव्हतं. किडनी बसवल्यानंतरच्या वर्षी छातीत कफ होऊन ताप आला, तेव्हा डॉक्टरांनी काही काळ गोळ्या कमी केल्या होत्या, आणि किडनी रुसली. पायांवर सूज आली, तपासणीतले आकडे चढले, तीच बिचारी दवाखान्याच्या बाकावर बसून होती. मग सगळं ताळ्यावर आलं, पण त्याने तेव्हाच कानाला खडा लावला: ह्यापुढे बारीकसारीक दुखण्याची डॉक्टरांपाशी वाच्यता करायची नाही. करायची आणि त्यांनी पुन्हा गोळ्यांना हात घालायचा. डोकेदुखी मूग गिळून सोसता येत होती. घरात तिचं असं एकच काही उरलं होतं, आणि ते जाण्यापेक्षा डोकं दुखलेलं परवडलं.

तिसऱ्याच दिवशी पास केलेला तो लॉट गिऱ्हाइकाकडून परत आला. मास्तर पोचला तेव्हा नन्ना खिडकीपाशी उभा होता, एक गाल सुजलेला, हातात ते दोन तुकडे. त्याने ते टेबलावर ठेवले. मास्तरने पाहिलं. दोन्ही सारखे. नन्नाने एक तुकडा उचलून लांब नेला, आणि मास्तरला तरीही टेबलावर दोनच दिसले.

“मास्तर,” नन्ना अगदी हळू म्हणाला, “टेबलावर किती आहेत?”

“दोन.”

“एक आहे. हा माझ्या हातात दुसरा. आणि हा हिरवा आहे हो, गेटवरचा वॉचमनसुद्धा सांगेल.”

मास्तरने हात पुढे करून दुसऱ्या तुकड्याला बोट लावू पाहिलं आणि बोट लाकडावर टेकलं. त्याला लाज वाटली, मग धास्ती, मग फक्त डोक्यातला ठणका उरला. त्या क्षणी त्याला समजलं की जन्मात एकदा लागलेला तो रंग लागलाच नव्हता. एकाच तुकड्याच्या दोन प्रतिमा त्याच्या दोन डोळ्यांनी शेजारी शेजारी मांडल्या होत्या, आणि तो नमुन्याशी नमुनाच ताडून बघत होता. अशात रेघ दिसणार कुठून. त्याने करड्या भिंतीकडे तोंड वळवलं, सवयीने. भिंत पुढे पुढे येत राहिली आणि ह्या वेळी मागे गेली नाही. नन्नाने त्याला काखेत धरून खुर्चीवर बसवलं, तेव्हा तो नको नको म्हणत होता, आणि नन्ना पहिल्यांदाच कुणाचं ‘नाही’ ऐकून घेत नव्हता.

दवाखान्यातलं पहिलं त्याला आठवतं ते पाठीवरचं गार ओलं बोट. गुडघे पोटाशी घ्या, हनुवटी छातीला लावा, हलू नका. मग कण्यात खोल काहीतरी शिरलं, आणि थोड्या वेळाने, कसं ते कळलं नाही, पण डोक्यातला घण थांबला. इतके आठवडे चाललेला आवाज थांबल्यावरच तो आवाज केवढा होता ते कळावं, तसं झालं. त्याला रडू आलं. “बरं वाटतंय ना?” मागून बाईचा आवाज म्हणाला. “पाणी फार दाबाखाली होतं. नळी उभी धरली तर भरून वाहायला लागली.” ती डॉक्टरीण तरुण होती, तिच्या आवाजात झोपेची थकबाकी होती. दुसऱ्या दिवशी ती खुर्ची ओढून त्याच्या खाटेजवळ बसली आणि घाई न करता बोलली. तेवढ्यासाठी तो तिचा पुढे कायम ऋणी राहिला.

“बुरशी आहे,” ती म्हणाली. “मेंदूच्या आवरणात, भोवतीच्या पाण्यात वाढलीय. धुळीत असते, मातीत असते, पक्ष्यांच्या घाणीत असते. आपण सगळेच ती श्वासातून घेतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही, अंग परस्पर निकाल लावतं. तुमच्या अंगाला आपण गोळ्या देऊन गप्प बसवलंय.”

“कबुतरं,” मास्तर म्हणाला.

“असतीलही. नक्की कुणीच सांगू शकणार नाही. त्यात आता जीव शिणवू नका.” तिने खुर्ची आणखी जवळ ओढली. “औषध आहे. चांगलं आहे. पण किडनीला जड जातं. आणि अंगाला थोडं जागं करायला हवं, म्हणजे त्या गोळ्या हळूहळू कमी करायच्या. किडनी टिकवायचा आम्ही आटोकाट प्रयत्न करू. पण टिकेलच असा शब्द मी देत नाही.”

“आणि औषध नाही घेतलं तर?”

“तर किडनी चांगली राहील,” ती म्हणाली, “आणि तुम्ही नसाल.”

हे ऐकून माणसाने ताबडतोब हो म्हणावं. मास्तरने विचार करायला वेळ मागितला. डॉक्टरीण त्याच्याकडे कशी बघत होती ते त्याला दिसलं नाही, कारण दोन डॉक्टरिणी होत्या आणि दोघींच्या चेहऱ्यांवर मधोमध करडा डाग होता. संध्याकाळपर्यंत, ती म्हणाली, त्याहून जास्त नाही. दाब पुन्हा चढतोय, डोळ्यांच्या नसा त्यात चेचल्या जातायत, आणि गेलेली नजर परत आणायचं औषध कुणाकडे नाही. ती गेल्यावर त्याने पोटावर हात ठेवला. तिथे नेहमीसारखा तो उंचवटा होता, गरम, निमूट. इतकी वर्षं ह्याच्यासाठी त्याने खिडक्या बंद केल्या, झाडं घालवली, तिला बाहेरच्या खोलीत घालवलं आणि मग घराबाहेर. हेही गेलं तर ते सगळं कशासाठी केलं, हा हिशेब त्याला मांडवेना. मरणाची भीती वाटत होती, नाही असं नाही. पण त्याहून मोठी भीती ही होती की तो बरा होऊन घरी जाईल आणि घरात तो एकटाच असेल, अगदी आतपर्यंत एकटा. दुपारी नन्ना आला. मास्तरने त्याला फोन लावून द्यायला सांगितलं, कारण त्याला आकडे दुप्पट दिसत होते. कुणाला, हे ऐकून नन्नाने एकदा मान आडवी हलवली. त्याने फोन लावला, मास्तरच्या कानाशी दिला आणि खोलीबाहेर जाऊन उभा राहिला.

“मी बोलतोय,” मास्तर म्हणाला.

“कळलं. आवाज का असा तुझा?”

“किडनीचं जरा...”

“तिचं राहू दे. तुला काय झालंय?”

त्याने सांगितलं. बुरशी, पाणी, डोळे. सांगताना त्याला जाणवलं की आपण हे एखाद्या परत आलेल्या लॉटची हकीकत सांगावी तसं सांगतोय, चूक कुठे झाली, केव्हा लक्षात आली. तिच्या मागे पोरांचा गलका होता. “औषध घेतलं तर ती जाईल कदाचित,” तो शेवटी म्हणाला. “म्हटलं, आधी तुला विचारावं.”

“मला? मला कशाला विचारायचं?”

“तुझी आहे.”

 गलका आधी वाढला, मग एक दार लागल्याचा आवाज आला आणि तो कमी झाला. ती वर्गाबाहेर आली असणार, व्हरांड्यात, भिंतीला टेकून, एक पाय दुमडून. तिची उभं राहायची तऱ्हा त्याला डोळ्यांशिवाय दिसली.

“अरे,” ती म्हणाली, “ती मी तुला वापरायला दिली होती. सांभाळायला नाही.”



“घे ते औषध. आजच्या आज घे. नन्ना आहे ना तिथे? त्याला दे फोन.” आणि मग जरा वेळाने, चिडून किंवा रडून, ते फोनवर कळेना: “इतकी वर्षं काय करत होतास रे तू.”

औषध पिवळं होतं असं सिस्टर म्हणाली. त्याला ते दिसलं नाही. ते अंगात उतरायला लागलं की थंडी वाजायची, दात एकमेकांवर आपटायचे, खाट हलायची, चार पांघरुणं घातली तरी आतली हुडहुडी जायची नाही, आणि मग ताप. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. पाठीतून पाणी काढायचे, ते मात्र त्याला हवंहवंसं वाटू लागलं, कारण तेवढ्यापुरतं डोकं हलकं व्हायचं. त्या हलक्या तासांत तो तिचं वाक्य घेऊन बसायचा. वापरायला. म्हणजे काय काय करायला दिली होती तिने ती? समुद्रावर जायला. तिच्या शाळेच्या सहलीबरोबर डोंगर चढायला, ती दर वर्षी बोलवायची. पावसात भिजून आल्यावर एकाच पंच्याने दोघांनी डोकं पुसायला. भांडायला, सर्दी झाली तरी एका अंथरुणात झोपायला, वाईट चहा प्यायला, खाली उतरून टॅक्सीपर्यंत जायला. ह्यातलं त्याने काही केलं नाही. दिलेली वस्तू कपाटात वर ठेवून द्यावी आणि रोज कुलूप तपासावं, तसा तो जगला, आणि ज्या बाईने दिली तिला वाटलं की आपल्यापेक्षा ह्याला वस्तूच प्यारी. तिचं काय चुकलं. त्याला स्वतःचा भयंकर राग आला, आणि तो काढायला जवळपास कुणी नव्हतं.

नजर एकदम गेली नाही. आधी लाल गेला. सिस्टरच्या खिशाला लावलेली पट्टी लाल आहे हे त्याला माहीत होतं, ती विटकरी झाली, मग मातकट, मग काहीच नाही. हिरवा गेला. निळा सगळ्यात शेवटपर्यंत टिकून राहिला, ह्याचं त्याला बरं वाटलं. डावा डोळा मिटलेलाच बरा म्हणायची वेळ आली. उजव्याला कडा दिसायच्या, दाराची चौकट, माणसाचा उभा आकार, खिडकी. नन्ना रविवारी यायचा. एकदा मास्तरने त्याला विचारलं, “येतील रे परत डोळे?”

“हो,” नन्ना म्हणाला. एका फटक्यात.

तेव्हा मास्तरला कळलं की येणार नाहीत.

किडनी मात्र राहिली. खंगली, दोनदा तर आता गेलीच असं डॉक्टरीणही म्हणाली, पण तग धरून राहिली. किती दिवस चालेल सांगता येत नाही, जितके दिवस चालेल तितके वापरा, असं निरोप देताना डॉक्टरीण म्हणाली. तिला बिचारीला काय ठाऊक ती कुठला शब्द बोलतेय. बुरशीच्या गोळ्या अजून बरेच महिने घ्यायच्या होत्या. कारखान्याने त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला. डोळ्याच्या कामाला डोळा लागतो, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं, तरी वाटलंच. आता सकाळ कशाने सुरू करायची हे त्याला कळत नसे. गोळ्या तो रंगावरून ओळखायचा, पिवळी, पांढरी, गुलाबी. आता त्या बोटांनी ओळखायला शिकावं लागलं, एकीला मध्ये खाच, एक लांबट, एक गुळगुळीत. घरात वस्तूंच्या कडा होत्या आणि कडांच्या आत करडा भरलेला होता. म्हाताऱ्याने शिकवलेलं तो अजून करायचा: करड्याकडे बघत राहायचा, डोळा बसायची वाट बघत. सवय कुठे जाते.

ती येणार असं तिने कळवलं, तेव्हा त्याने एक काम केलं. खुर्चीवर चढून, चाचपत, खिडक्यांच्या चिकटपट्ट्या ओढून काढल्या. इतक्या वर्षांच्या पट्ट्या सहजासहजी निघेनात, नखं दुखली, बरोबर रंगाचे पोपडे आले. काही खिडक्या उघडल्या, एक काही केल्या हलली नाही. बाहेरचा आवाज एकदम घरात आला, आणि तो धास्तावून पोटावर हात ठेवून उभा राहिला, मग हात काढला.

ती दुपारी आली. तिच्या येण्यातला वास तोच होता, खडूचा आणि कसल्याशा साबणाचा. तिने खिडक्या बघितल्या असणार, कारण दारातच थोडी थांबली. चहा तिने केला. डबे जागच्या जागी होते, तिने लावले होते तसेच, ह्याचं तिला हसू आलं. मग दोघं बसले आणि बोलायला फारसं काही नव्हतं. ती तिच्या गावचं बोलली, शाळेचं, बदलून आलेल्या मुख्याध्यापकांचं, ज्यांना नकाशाची सुरळी उलटी धरता येते असं ती म्हणाली. तो हसला. परतीची बस संध्याकाळची आहे हे तिने येताच सांगून टाकलं होतं, आणि ती आता इथे राहणार नाही, कधीच, हे त्याला माहीत होतं, तरी बसचं ऐकून त्याने वेळ पुन्हा एकदा विचारली होती.

“स्वेटर घातलायस,” तो म्हणाला. उजव्या डोळ्याला बाहीची जाड कड दिसत होती. “कुठला रंग?”

“निळा.”

“तू काय, सगळ्यालाच निळा म्हणतेस.”

“थांब,” ती म्हणाली. “खिडकीत जाऊन बघते.”

ती उठली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. उत्तरेची खिडकी नव्हती ती, पण ते तिला सांगण्यात अर्थ नव्हता. बराच वेळ ती तिथे उभी होती, हात उजेडात पुढे धरून, म्हणजे तसा आकार त्याला दिसला. सबंध संसारात तिने कधी कुठला रंग इतका वेळ बघितला नव्हता.

“मला नाही वाटत हा नुसता निळा आहे,” ती म्हणाली. “आणखी काहीतरी आहे त्यात. दुकानात घेतानाच वाटलं होतं.” तो आकार त्याच्याकडे वळला. “म्हटलं, तू सांगशील.”

डोळे गेल्याचं तिला ठाऊक होतं, तरी ती तो स्वेटर घालून आली होती. आपण काय बोलून बसलो हे तिच्याही लक्षात आलं, आणि ती पेले उचलून आत गेली. नळ बराच वेळ वाहत राहिला.

निघताना ती म्हणाली, येते मी, जप, आणि तो उठून चपला शोधायला लागला. “कुठे?” तिने विचारलं. “स्टॉपपर्यंत येतो,” तो म्हणाला.  त्याच्या पायाशी वाकून तिने एक चप्पल सरळ केली. जिना उतरताना तिने त्याचा हात आपल्या हातात घेतला, रस्त्यावर आल्यावरही सोडला नाही. धूळ होती, गाड्या होत्या, कुणीतरी अगदी त्याच्या तोंडाजवळ खोकून गेलं. तोंडावरचं फडकं त्याने बांधलं होतं, तेवढं डॉक्टरिणीने बजावलं होतं. पण तो चालत होता. स्टॉपवर दोघं उभे राहिले. आकाश उघडं असावं, उजव्या डोळ्यात वरच्या बाजूला उजेड भरून होता. त्याने तिचा हात वर उचलला, बाही डोळ्याच्या अगदी जवळ नेली, लोकरीचे धागे पापणीला लागले. करडं दिसलं. त्याने जसं आयुष्यभर बघितलं तसं, घाई न करता, पुरेसा वेळ बघितलं.

“हिरव्याकडे जरासा झुकणारा निळा आहे,” तो म्हणाला. “पास.”

“एकट्यानेच पास केलास?” कारखान्याचा नियम तिला ठाऊक होता.

“एकट्याने कुठे. तू बघितलास ना आधी.”

तिने त्याच्या खांद्यावर कपाळ टेकलं. तिचा श्वास त्याच्या मानेवर लागत होता, आणि तिला थोडी सर्दी असावी, पण त्याने मान बाजूला घेतली नाही. बस आली. ती चढली, आतून काहीतरी म्हणाली, ते आवाजात त्याला ऐकू आलं नाही. बस गेल्यावर तो तिथे थोडा वेळ उभा राहिला, समोरच्या करड्यात काही उमटतंय का बघत, मग कुंपणाच्या भिंतीला हात लावत लावत घराकडे वळला. वाट चुकली, दोनदा विचारावं लागलं. घरी पोचेपर्यंत संध्याकाळच्या गोळीची वेळ टळून गेली होती. त्याने बोटांनी चाचपून खाचेची गोळी काढली आणि उघड्या खिडकीपाशी उभं राहून पाण्याबरोबर घेतली.